मुलाला आयटीआयला जायचे आहे, वडिलांना नको आहे

वाचकाचे पत्र, थोडक्यात

कोल्हापूर जिल्ह्यातील एका वाचकांचे हे पत्र आहे. नाव-गाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. ते स्वतः आयटीआय झालेले फिटर (यंत्राचे सुटे भाग घासून जुळवणारे कारागीर) आहेत आणि गेली २४ वर्षे औद्योगिक वसाहतीतील निरनिराळ्या कारखान्यांत काम करत आहेत. त्यांपैकी बहुतेक वर्षे कंत्राटावर गेली. मुलगा या वर्षी दहावीत आहे, नववीला त्याला ७४ टक्के गुण होते. दिवाळीच्या सुट्टीत त्याने घरात सांगितले की, आपल्याला अकरावी विज्ञानला जायचे नाही, आयटीआयला टर्नर (लेथ या यंत्रावर धातू कातणारा) किंवा मशिनिस्ट (इतर यंत्रांवर धातूकाम करणारा) यांपैकी एखादा ट्रेड, म्हणजे व्यवसाय-अभ्यासक्रम, करायचा आहे. ‘माझे हात काळे झाले ते त्याचे होऊ नयेत म्हणून,’ असे वडिलांनी लिहिले आहे. एवढे गुण असताना आयटीआय कशाला, असे वर्गशिक्षकही म्हणतात. आई मुलाच्या बाजूने आहे. त्यातच मुलाचा अभ्यास सैल पडला आहे, कारण ‘आयटीआयला नापासांनाही घेतात’ असे त्याने कोणाकडून तरी ऐकले आहे. त्याला अर्ज भरू द्यावा, की समजूत घालून अकरावीला घालावे, आणि एकदा तिकडे गेला की पुढचे शिक्षण कायमचे बंद होते का, हे त्यांचे प्रश्न आहेत.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. प्रश्न मुलाविषयी असला, तरी चार पानांपैकी तीन पाने तुमच्या स्वतःच्या नोकरीविषयी आहेत. त्यात संकोचण्यासारखे काही नाही. मुलाचा मार्ग ठरवताना आईवडील आपल्याच आयुष्याचा हिशेब मांडत असतात, आणि तुमच्या हिशेबात खरोखरच बरेच काही येणे बाकी आहे. शेजारच्या व्हाइसवर (तुकडा घट्ट धरणाऱ्या पकडीवर) तेच काम करणाऱ्या कायम कामगाराला तुमच्या दुप्पट पगार मिळत होता. तीन कंत्राटदार बदलले आणि प्रत्येक वेळी तुमची नोकरी पहिल्या दिवसापासून मोजली गेली. हाताला लागले तेव्हा आठ दिवसांची मजुरी बुडाली. हे वाचल्यावर ‘मुलाने यात पडू नये’ असे तुम्हाला का वाटते, हे मला कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

तरीही एक गोष्ट विचारते. या तीन पानांत कामाविषयी तक्रारीचे एकही वाक्य का नाही? जी तक्रार आहे ती कंत्राटाची, पगाराची आणि वागणुकीची आहे. उलट, न बसणारी असेंब्ली (सुट्या भागांची जुळणी) अडली की आजही शॉपमधून तुम्हालाच हाक येते, हे तुम्ही दोन ठिकाणी लिहिले आहे, आणि दोन्ही ठिकाणी तुमचे अक्षर नेहमीपेक्षा मोठे झाले आहे. तुमचा मुलगा लहानपणापासून हेच ऐकत आला असेल. कंत्राटदाराच्या गोष्टी तुम्ही बहुधा त्याच्यापासून लपवल्या आणि अडलेल्या असेंब्लीच्या गोष्टी जेवताना सांगितल्या. मग त्याला मशीनचे वेड लागले, यात नवल ते काय?

कंत्राटी नोकरीचे दुखणे आयटीआयपुरते राहिलेले नाही. आज बी.एस्सी. झालेली मुले प्रयोगशाळांत, अभियंते कारखान्यांत आणि पदवीधर शासकीय कार्यालयांतही कंत्राटावर काम करताना दिसतात. म्हणून अकरावी विज्ञानला घातले की मुलगा त्यातून सुटला, हे गृहीत धरू नका. त्याला त्यातून वाचवायचे असेल, तर त्याचे कौशल्य सहज बदलता येणार नाही इतके पक्के हवे, हातात सगळीकडे मान्य असलेले प्रमाणपत्र हवे आणि पुढे शिकण्याचे एखादे तरी दार उघडे हवे. या तिन्ही गोष्टी आयटीआयच्या वाटेवर मिळू शकतात आणि हुकूही शकतात. कोणता ट्रेड, कोणती संस्था आणि दोन वर्षांनंतर काय, यावर ते ठरते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, अर्ज भरण्याचा आणि निर्णय घेण्याचा दिवस एकच असतो, ही समजूत तुम्ही दोघांनीही आधी सोडावी. अर्ज त्याला जरूर भरू द्या, आणि निर्णय मात्र आतापासून जूनपर्यंत हातात असलेल्या सात महिन्यांत, डोळ्यांनी पाहून आणि हातांनी करून घ्या.

वर्गशिक्षकांच्या म्हणण्याबद्दल मला थोडे जास्त लिहावेसे वाटते, कारण मीही माध्यमिक शाळेत गणित शिकवले आहे आणि त्यांनी जे म्हटले तेच एकदा मीही म्हटले होते. ऐंशी टक्क्यांच्या आसपास गुण असलेला एक विद्यार्थी आयटीआयचा अर्ज घेऊन माझ्याकडे सहीसाठी आला. मी त्याच्या आईवडिलांना शाळेत बोलावून घेतले आणि असा हुशार मुलगा वाया घालवू नका, असे निक्षून सांगितले. त्यांनी माझे ऐकले. मुलगा बारावी विज्ञानला दोनदा नापास झाला आणि विसाव्या वर्षी पुन्हा त्याच आयटीआयच्या दारात उभा राहिला. पुढे एसटी स्टँडवर भेटला तेव्हा तक्रारीचा सूर नव्हता, फक्त एवढेच म्हणाला, “बाई, चार वर्षं गेली.” आज तो चांगल्या ठिकाणी आहे. ती चार वर्षे माझ्या शब्दावर गेली होती, हे मी विसरलेले नाही.

माझी चूक अशी होती की, गुण म्हणजे हुशारी, आणि हुशारी पुस्तकाजवळच शोभते, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात आयटीआयचे प्रवेश दहावीच्या गुणांवर, गुणवत्ता यादीनेच होतात, आणि चांगल्या शासकीय संस्थेतल्या इलेक्ट्रिशियन, फिटर किंवा मशिनिस्टच्या जागांसाठी चांगली चुरस असते. तुमच्या मुलाचे ७४ टक्के तिथे ‘वाया’ जाणार नाहीत. हवा तो ट्रेड हव्या त्या संस्थेत मिळण्यासाठी त्याला ते लागणारच आहेत, आणि थोडे अधिक मिळाले तर बरेच.

इथेच मुलाच्या समजुतीचीही दुरुस्ती करायला हवी. दहावी नापास उमेदवारांना काही ट्रेडना प्रवेश मिळतो, हे खरे आहे. वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुतारकाम असे ते ट्रेड आहेत, आणि ज्यांना दहावी काही कारणाने जमली नाही त्यांच्यासाठी ती मोलाची सोय आहे. टर्नर, मशिनिस्ट, फिटर आणि इलेक्ट्रिशियन या ट्रेडना मात्र गणित व विज्ञान घेऊन दहावी उत्तीर्ण असावे लागते. पुढे पदविकेला जाण्याचे दार उघडायचे तर त्यालाही दहावी लागते. म्हणजे त्याने जे ऐकले आहे ते दुसऱ्यांच्या सोयीचे आहे, त्याच्या ट्रेडचे नाही. हे त्याला तुम्ही रागावून सांगू नका. प्रवेशाची मागील वर्षीची माहितीपुस्तिका काढा आणि ट्रेडसमोरची पात्रतेची ओळ त्यालाच मोठ्याने वाचायला लावा.

गणितापासून सुटका व्हावी म्हणून तो तिकडे वळत नाही ना, हेही तपासा. टर्नरच्या ट्रेडमध्ये लेथवरच्या कामाबरोबर अभियांत्रिकी चित्रकला असते आणि कार्यशाळेचे गणित व विज्ञानही असते. तुम्हाला हे ठाऊकच आहे, पण त्याला एक उदाहरण करून दाखवा. ४० मिलिमीटर व्यासाच्या दांड्याला ५० मिलिमीटर लांबीत टेपर, म्हणजे निमुळता उतार, देऊन शेवटी ३० मिलिमीटरवर आणायचे असेल, तर कंपाउंड स्लाइड (लेथवरचे हत्यार धरणारा, कोनात फिरवता येणारा भाग) किती अंशांत फिरवायची? दोन व्यासांतला फरक १०, लांबीची दुप्पट १००, म्हणून कोनाचा टॅन ०.१, आणि कोन सुमारे ५ अंश ४३ मिनिटे. दहावीच्या पुस्तकातील त्रिकोणमितीचा जो पाठ त्याला सध्या नकोसा झाला असेल, तोच हा. हे उदाहरण पाहून त्याचे डोळे चमकले, तर त्याची आवड खरी आहे असे समजायला हरकत नाही. आणि ‘तिथेही हेच आहे का’ असे म्हणून त्याचा चेहरा उतरला, तर त्याला कोणत्या गोष्टीपासून दूर जायचे आहे, याविषयी शांतपणे बोलायला हवे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, परतीच्या वाटेचा. तुम्ही शिकलात त्या काळात ही वाट अरुंद होती, हे मान्य आहे. आज दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो, आणि पदविका झाली की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाचे दार उघडते. भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवण्याचीही सोय आहे. ज्या नोकरभरतीत बारावी मागतात तिथे तिचा उपयोग होतो. रेल्वेच्या सहायक लोको पायलटसारख्या भरतीत टर्नर, मशिनिस्ट, फिटर हे ट्रेड थेट पात्रता म्हणून धरले जातात. शिकवण्याची आवड असेल, तर शिल्प निदेशक, म्हणजे आयटीआयतला शिक्षक, होण्यासाठीचे एक वर्षाचे प्रशिक्षण आहे. पण या वाटा आहेत म्हणजे त्या सोप्या आहेत, असे मी म्हणणार नाही. थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्या आयटीआयच्या मुलांना पदविकेचे गणित जड जाते. पहिल्या सत्रात काही विषय राहतात. ज्याने दोन वर्षे कार्यशाळेबरोबर गणिताची वहीही चालू ठेवली, तो तरून जातो. त्याला पुढे शिकायचे असेल, तर हे आजच सांगून ठेवा.

दोन वर्षांनंतरच्या एका टप्प्याबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेले नाही, म्हणून विचारते: तुम्ही स्वतः अप्रेंटिसशिप केली होती का? १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात जे साधारण वर्षभराचे प्रशिक्षण मिळते, त्यात विद्यावेतन असते आणि शेवटी वेगळे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. घरची निकड असते म्हणून अनेक मुले ते वर्ष टाळून थेट कंत्राटदाराकडे रुजू होतात, कारण तिथे पहिल्या महिन्यात चार पैसे जास्त दिसतात. तुमच्या बाबतीत असेच झाले असेल, तर त्याचा दोष तुमच्याकडे येत नाही. त्या वेळी घर चालवणे भाग होते. आज तुम्ही कमावते आहात. मुलाला ते एक वर्ष मिळवून देणे तुमच्या हातात आहे, आणि अकरावीच्या शिकवणीवर जो खर्च करण्याची तुमची तयारी आहे, त्याहून हे वर्ष त्याच्या जास्त उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते.

निर्णयासाठी डोळ्यांनी पाहा, असे मी वर म्हटले. तुमच्या घरापासून रोज जाऊन-येऊन करता येईल अशा अंतरातील दोन-तीन संस्था निवडा आणि प्राचार्यांची परवानगी घेऊन एखाद्या कामकाजाच्या दिवशी मुलाला घेऊन जा. इमारत पाहू नका, फलकही नको. थेट कार्यशाळेत जा. तुमच्या अनुभवी नजरेला पाच मिनिटांत कळेल: लेथ चालू आहेत की कापडाखाली झाकलेल्या आहेत, बेडवर ताजे तेल आहे की गंज, चिपा (धातूचे काप) पडलेल्या आहेत की फरशी सकाळपासून तशीच स्वच्छ आहे. मग विचारा की त्या ट्रेडला पूर्णवेळ शिल्प निदेशक आहेत का, की एकाच माणसाकडे दोन ट्रेड आहेत. एका तुकडीतल्या मुलांना किती मशीन मिळतात, सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) मुले स्वतः काम करतात की लांबून पाहतात, आणि गेल्या वर्षीच्या तुकडीतील किती जणांना अप्रेंटिसशिप मिळाली, कोणत्या कारखान्यात. हे प्रश्न विचारताना संकोच करू नका. चांगले निदेशक अशा प्रश्नांनी खूश होतात आणि अर्धा तास बोलतात. उत्तरे टाळली जात असतील, तर तेही तुमचे उत्तरच आहे. काही ट्रेडना प्रशिक्षणाचा एक भाग प्रत्यक्ष कारखान्यात होतो, अशी दुहेरी पद्धत आहे. तशी तुकडी जवळच्या संस्थेत असेल, तर तिला अग्रक्रम द्यावा.

आणि हातांनी करून पाहणे. एखाद्या रविवारी, घरी किंवा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये, व्हाइसमध्ये मऊ पोलादाचा एक जाड तुकडा लावा आणि त्याला त्याची एक बाजू सपाट व शेजारची बाजू काटकोनात घासायला सांगा. मशीन नको, फक्त कानस. कारखान्यात मात्र त्याला कामाला उभे करू नका. पंधरा वर्षांच्या मुलाची ती जागा नाही, आणि धोक्याच्या कामाला तर कायद्यानेच मनाई आहे. पहिल्या अर्ध्या तासात कानस डोलेल, कडा गोल होतील, तळहात लाल होतील. त्यानंतर त्याच्या हातात ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासण्याचे साधन) द्या. तुकडा खिडकीकडे धरल्यावर पट्टी आणि धातू यांच्यामधून येणारी उजेडाची रेघ त्याला दिसेल. ती रेघ कुठे जाड आहे, म्हणजे कुठे घासायचे राहिले, हे त्याचे त्यालाच शोधू द्या. तो दुपारी जेवायला उठला आणि जेवून पुन्हा आपणहून त्या तुकड्याकडे आला, तर माझ्या दृष्टीने या एका गोष्टीचे वजन नववीच्या टक्क्यांहून जास्त आहे. आला नाही, तरी त्याला हिणवू नका. त्याला नेमके काय कंटाळवाणे वाटले, ते विचारा. अनेक मुलांना सीएनसीच्या पडद्याची ओढ असते आणि कानशीचा कंटाळा येतो. त्यांच्यासाठी पदविका हा अधिक योग्य रस्ता असू शकतो.

म्हणूनच अर्ज एकाच ठिकाणी करू नका. अकरावीची, तंत्रनिकेतनाच्या पदविकेची आणि आयटीआयची प्रवेशप्रक्रिया वेगवेगळी आहे आणि तिन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदणी करायला काही अडचण नाही. तीन वर्षांच्या पदविकेसाठी दहावीला ३५ टक्के ही किमान अट आहे, आणि ७४ टक्क्यांवर त्याला तुमच्या भागात बरे पर्याय मिळू शकतात. याखेरीज एक वाट पालकांना फारशी माहीत नसते. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगची चार वर्षांची पदविका आहे. तिची प्रवेशाची पद्धत स्वतंत्र आहे, म्हणून चौकशी दहावीच्या परीक्षेआधीच करावी. घरापासून लांब राहावे लागेल आणि खर्च शासकीय आयटीआयपेक्षा बराच जास्त आहे, तरी मशीनचे खरे वेड असलेल्या मुलासाठी तिचा विचार व्हायला हवा. अकरावीला विज्ञान घेऊन इलेक्ट्रॉनिक्ससारखा द्विलक्षी (व्यवसायाभिमुख) विषय घेणे, हाही एक मधला पर्याय आहे. तुमच्या मुलाचे मन पाहता मी तो शेवटी ठेवेन.

आयटीआयच्या प्रक्रियेत सर्वांत जास्त घोळ विकल्प भरताना होतो. नोंदणी आणि अर्ज ऑनलाइन असतो. त्यानंतर मूळ कागदपत्रांसह जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन अर्ज निश्चित करून घ्यावा लागतो. निश्चित न केलेला अर्ज गुणवत्ता यादीत येत नाही, आणि दरवर्षी काही मुले निव्वळ याच कारणाने बाहेर राहतात. मग संस्था आणि ट्रेड यांचे विकल्प पसंतीच्या क्रमाने द्यायचे असतात. इथे बरेच जण कॅफेवाल्याच्या सांगण्यावरून काहीही भरतात. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला, तर तो घेणे बंधनकारक असते; नाकारल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जाते. म्हणून ज्या जागेवर खरोखर जायचे नाही ती पहिल्या क्रमांकावर ठेवू नका, आणि ज्या संस्थेची कार्यशाळा तुम्ही पाहिलेली नाही ती वरच्या पाचांत ठेवू नका. प्राथमिक गुणवत्ता यादी लागल्यावर नाव, प्रवर्ग आणि गुण बरोबर आहेत का हे त्याच दिवशी पाहा, कारण हरकतीसाठी मुदत थोडी असते.

कागदपत्रांची तयारी जानेवारीतच करा. निकालानंतर सेतू केंद्रावर आणि तहसील कार्यालयात एवढी गर्दी होते की, साधा उत्पन्नाचा दाखला मिळायलाही आठवडा जातो. अधिवास, जातीचा दाखला, लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर, आणि मुलाच्या नावाचे आधारशी जोडलेले बँक खाते एवढे आधी करून ठेवले की, निकालानंतर फक्त गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला उरतो. आधारवरचे नाव आणि शाळेच्या नोंदीतले नाव अक्षरशः सारखे आहे का, हे आजच बघून घ्या. जन्मतारखेची किंवा स्पेलिंगची चूक शाळेत असेल, तर दहावीचे आवेदनपत्र आणि प्रवेशपत्र हातात येण्याआधी ती दुरुस्त करणे सोपे असते. गुणपत्रिका छापून आल्यावर त्यासाठी फार खेटे घालावे लागतात. आणि दाखल्याची मूळ प्रत एकदा एका संस्थेत जमा झाली की ती परत घेऊन दुसरीकडे जाण्यात दिवस जातात, म्हणून प्रत्येक ठिकाणी प्रवेश रद्द करण्याची मुदत आधी विचारून मगच मूळ प्रत द्या.

तुमच्या पत्रात एका खासगी संस्थेच्या माणसाने घरी येऊन ‘सहा महिन्यांत सीएनसी, शंभर टक्के नोकरी’ असे सांगितल्याचा उल्लेख आहे. त्यापासून लांब राहा. सगळ्या खासगी संस्था वाईट असतात, असे नाही. मान्यता असलेल्या आणि मनापासून शिकवणाऱ्या खासगी आयटीआयही आहेत. पण राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र ज्या परीक्षेनंतर मिळते, ती केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आहे. संस्थेला त्या विशिष्ट ट्रेडसाठी आणि त्या वर्षासाठी संलग्नता आहे का, हे शासकीय आयटीआयमध्ये जाऊन विचारले तरी कळते. जो माणूस घरी येऊन पैसे मागतो आणि पावती नंतर देतो म्हणतो, त्याला दारातूनच निरोप द्यावा.

अशाच प्रकारची पत्रे मला मुलींकडूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठीही लिहिते. शासकीय आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, आणि त्या फक्त शिवणकामाच्या ट्रेडला असतात, असे नाही. इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट आणि ड्राफ्ट्समन या ट्रेडमध्येही त्या असतात, आणि काही ठिकाणी अर्ज कमी आल्यामुळे त्या जागांसाठी चुरसही कमी असते. आठवी-नववीत असलेल्यांनी आपल्या किंवा जवळच्या शाळेत कौशल्याधारित विषय आहे का, याची चौकशी करावी. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने शाळेतच सुतारकाम, वेल्डिंग, वीजजोडणी आणि शेती शिकवण्याचा जो प्रयोग केला, तो नंतर अनेक शाळांत पोहोचला. त्या मुलांना दहावीच्या उंबरठ्यावर उभे राहून ‘मला काय आवडते’ हे कल्पनेने ठरवावे लागत नाही. त्यांनी ते तीन वर्षे करून पाहिलेले असते. तुमच्या मुलाला ती संधी मिळाली नाही, म्हणून तुम्हाला ती एका रविवारी व्हाइसपाशी निर्माण करावी लागणार आहे.

घरातल्या बोलण्याविषयी एक विनंती. आई त्याच्या बाजूने आणि तुम्ही विरुद्ध, अशी वाटणी झाली की मुलगा आपली आवड तपासणे सोडून फक्त त्या आवडीची बाजू लढवत बसतो. तुम्ही त्याला तुमच्या कंत्राटाची गोष्ट सांगा, आतापर्यंत लपवलेली, आकड्यांसह. पगार किती, कपात किती, बोनस कोणत्या वर्षी नव्हता. त्याला घाबरवण्यासाठी सांगू नका, त्याच्या निर्णयात ती माहिती असावी म्हणून सांगा. मग त्याला विचारा की हे ऐकूनही जायचे असेल, तर तुझ्या बाबतीत हे होऊ नये म्हणून तू काय करणार आहेस. लगेच उत्तर द्यायला लावू नका. दहावीच्या परीक्षेपर्यंत त्याला वेळ आहे, आणि तोपर्यंत अभ्यास सैल सोडायचा नाही, एवढी एकच अट घाला. कारण तिन्ही अर्जांना लागणारे गुण एकाच परीक्षेतून येणार आहेत.

अर्ज भरायला बसाल तेव्हा तो त्याला स्वतः भरू द्या, तुम्ही शेजारी बसा. मोबाइल नंबर तुमचाच द्या. नोंदणीपासून जागावाटपापर्यंतचे सगळे संदेश त्याच नंबरवर येतात, आणि कॅफेवाल्याचा नंबर दिलेल्या मुलांना आपल्याला जागा मिळाली होती हे मुदत संपल्यावर कळल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. नोंदणी क्रमांक आणि पासवर्ड एका वहीत लिहा, आणि ती वही दाखल्यांच्या पिशवीतच ठेवा.